खान्देशातून वकिलीच्या शिक्षणाकडे : दाखल्यांपासून सनदेपर्यंत

वकिलीच्या शिक्षणाची चौकशी करायला येणारा विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, गुणांविषयी विचारतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देताना माझ्या मात्र असे लक्षात आले आहे की, गुण कमी पडले म्हणून प्रवेश हुकलेले विद्यार्थी थोडे आणि कागद वेळेवर हाती नव्हता म्हणून हुकलेले अधिक. कागद, त्यावरच्या नावाचे अक्षर न् अक्षर आणि मुदतीची तारीख यांच्याशीच वकिलाला जन्मभर झुंजायचे असते, आणि त्याची पहिली परीक्षा स्वतःच्याच प्रवेश अर्जात होते. त्यामुळे या लेखात परीक्षेपेक्षा कागदांना, आणि पुस्तकांपेक्षा कोर्टाच्या व्हरांड्याला, थोडी जास्त जागा दिली आहे.

तीन वर्षे की पाच वर्षे

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींच्या शेवटी मिळणारी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच आहे. बारावीलाच मन पक्के झाले असेल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, कारण त्यात एक वर्ष वाचते. मन पक्के नसेल तर आधी पदवी घेण्यात काही गमावले असे समजू नये. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला करविषयक कामात आणि कृषी पदवीधराला जमिनीच्या दाव्यांत त्या शिक्षणाचा पुढे निश्चित उपयोग होतो, आणि आपल्याकडे तर शेतजमिनीचे दावे मुबलक आहेत.

पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाला ४२ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पाच वर्षांसाठी ते बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीत पाहिले जातात. ४४.९ टक्क्यांचे ४५ करून मिळत नाहीत, त्यामुळे काठावरच्या विद्यार्थ्याने टक्केवारी स्वतः मांडून पाहावी. दुसरी अट अनेकांना फार उशिरा कळते. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार दहावी, बारावी आणि पदवी या पायऱ्या क्रमाने चढलेल्या असाव्या लागतात. बारावी न करता, केवळ पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमावर मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ती या प्रवेशासाठी चालत नाही. बारावी उत्तीर्ण होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर मात्र अडचण नाही. नोकरी सांभाळून पदवीधर झालेल्यांनी अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच ही खात्री करून घ्यावी.

महाविद्यालयांसाठी लांब जावेच लागते असे नाही. जळगावला खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचे मणियार विधी महाविद्यालय आहे, धुळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल लॉ कॉलेज आहे, नंदुरबारला नंदुरबार तालुका विधायक समितीचे विधी महाविद्यालय आहे, आणि ही कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रातील आहेत. पुण्या-मुंबईची जुनी नावे मोठी आहेत हे खरेच. परंतु ज्याला पुढे याच जिल्ह्यांत वकिली करायची आहे, त्याच्यासाठी पहिल्या वर्षापासून इथल्या कोर्टाशी आणि इथल्या वकिलांशी झालेली ओळख ही लहान गोष्ट नाही, असे माझे मत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असते. ती इंग्रजीतूनच होते आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो. तसे एक विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरलाही आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांची अपिले ज्या खंडपीठापुढे चालतात तेही त्याच शहरात आहे, ही गोष्ट निवड करताना ध्यानात घ्यावी.

कागद

सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वीच एक फाईल करावी. दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, हे सर्वांना लागते. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याला जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि ज्या प्रवर्गांना लागू आहे त्यांना नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रिमिलेयरची तारीख नीट वाचावी. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या अखेरीस येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते. जानेवारीत हौसेने काढलेले प्रमाणपत्र त्याच मार्चमध्ये संपले आणि जुलैत सेतू केंद्रापुढे पुन्हा रांग लावावी लागली, असे दरवर्षी कोणाचे ना कोणाचे होते.

जातवैधतेचे काम तर त्याहून लांबते. पडताळणी समिती वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेतील नोंदी, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूचे उतारे आणि रक्तनात्यातील कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत पाहते. आजोबा ज्या शाळेत गेले ती शाळा आता दुसऱ्या तालुक्यात मोडत असेल, किंवा नोंदवहीचे पान जीर्ण झाले असेल, तर एका उताऱ्यापायी महिना जातो. म्हणून बारावीच्या किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात शिरतानाच हा प्रस्ताव दाखल करावा; निकाल लागल्यावर धावाधाव करू नये.

नावातील फरक हा आपल्याकडचा खास त्रास आहे. कोठे 'सिंग', कोठे 'सिंह', कोठे नावापुढे 'राव' किंवा 'भाऊ' लावलेले तर कोठे गाळलेले. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाला 'राव' होता आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर नव्हता. कागद तपासणाऱ्या लिपिकाने ते दोन वेगळे गृहस्थ असू शकतात असे शांतपणे सांगितले, तेव्हा मला त्याचा राग आला होता. पुढे पुराव्याचा कायदा शिकताना त्याचे म्हणणे चूक नव्हते हे पटले. असा किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवावे, आणि नाव खरोखरच बदललेले असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र फाईलला लावावे.

परीक्षा आणि प्रवेशफेरी

राज्याची सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. तीन वर्षांची वेगळी आणि पाच वर्षांची वेगळी. ती संगणकावर होते, प्रश्न इंग्रजी आणि मराठीतून येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी असे विभाग असतात. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे प्राथमिक गणितही असते. पूर्वी १५० प्रश्न असत, पुढे ते १२० झाले. म्हणून मित्राच्या जुन्या वहीवर विसंबून न राहता त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचावी. तयारीला शिकवणी लागतेच असे नाही. चार-पाच महिने रोजचे वर्तमानपत्र, राज्यघटनेतील मूलभूत हक्क व न्यायव्यवस्थेचे भाग, आणि वेळ लावून सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिका एवढ्यावर समंजस विद्यार्थ्याचे काम भागते. मराठी माध्यमातून आलेल्यांचे गुण जातात ते इंग्रजीच्या विभागात, तेव्हा तिथे रोजचा अर्धा तास राखून ठेवावा.

परीक्षेनंतरचा एक गैरसमज दूर करायला हवा. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, कागद पुन्हा अपलोड करावे लागतात, तपासणीत त्रुटी निघाली तर दिलेल्या मुदतीत ती दूर करावी लागते आणि त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण मिळवून घरी स्वस्थ बसलेला आणि नोंदणीची मुदत संपल्यावर जागा झालेला विद्यार्थी मी पाहिला आहे. लॉगिनचा मोबाईल क्रमांक स्वतःचा द्यावा, नेट कॅफेवाल्याचा नव्हे. ओटीपी आणि सूचना त्याच क्रमांकावर येतात. पसंतीक्रमात ज्या महाविद्यालयात रोज जाऊन बसता येणार नाही त्याचे नाव घालू नये. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथून अपडाऊन करणारे बरेच असतात. पण गाडीची वेळ आणि वर्गाची वेळ जुळते का, हे आधी कागदावर मांडून पाहावे.

शुल्काबाबतही एक सांगणे आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीच्या योजनांत प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असणे ही अट सर्रास असते. 'नंतर महाविद्यालय स्तरावर बघू' असे म्हणून फेऱ्या सोडून देणाऱ्याला ही सवलत गमवावी लागू शकते. उत्पन्नाचा दाखलाही त्याच वर्षीचा काढून ठेवावा.

वर्गातील तीन वर्षे

आपल्याकडे 'नाव टाकून ठेव, परीक्षेला जा' असा सल्ला देणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. तो मानू नये. विधी शिक्षण हे नियमित, म्हणजे वर्गात बसून घ्यायचे शिक्षण आहे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरीचा आग्रह धरला, तसेच विद्यार्थी एकाच वेळी दुसरा नियमित अभ्यासक्रम किंवा नोकरी करीत आहे काय याचे प्रतिज्ञापन मागितले. नोकरदाराने कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन, वर्गाच्या वेळा तपासूनच यात उतरावे. पूर्ण वेळ पगारी नोकरीत असताना वकिलीची सनद चालवता येत नाही, हेही त्याला आधीच ठाऊक असावे.

आता अभ्यासाविषयी. बाजारात मिळणारी प्रश्नोत्तरांची पातळ पुस्तके परीक्षा पार करून देतात, याबद्दल वाद नाही. पण कायदा वाचायचा असेल तर मूळ अधिनियमाची प्रत, शक्यतो द्विभाषी, पहिल्या आठवड्यातच विकत घ्यावी आणि कलम वाचताना व्याख्या, स्पष्टीकरण, अपवाद, परंतुक (कलमाला जोडलेली 'परंतु'ने सुरू होणारी अट) आणि उदाहरण हे भाग पेन्सिलीने वेगळे करावेत. एक कलम जवळून पाहू. भारतीय न्याय संहिता या नव्या फौजदारी कायद्याच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. जंगम वस्तू, ती दुसऱ्याच्या ताब्यात असणे, त्याची संमती नसणे, घेणाऱ्याचा अप्रामाणिक हेतू आणि त्या हेतूने वस्तू हलवणे, एवढे घटक त्यातून निघतात. आता रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत रात्री कोणी शिरला आणि त्याने घड कापला असे समजा. घड झाडावर आहे, झाड जमिनीत आहे. मग ही जंगम वस्तू कशी? स्पष्टीकरण सांगते की, जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही, पण ती जमिनीपासून तुटताक्षणी होते, आणि ज्या कृतीने ती तुटते त्याच कृतीने ती हलली तरी चोरी होऊ शकते. विळ्याच्या एका घावात वस्तू जंगमही होते आणि चोरीलाही जाते. पुढे पोटकलम (२) वाचले की शिक्षेकडे वळता येते. मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, दोषसिद्धी पहिलीच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे, जी जुन्या दंड संहितेत नव्हती. एका घडाचा भाव आणि घडांची संख्या यांवर हा मुद्दा कसा फिरतो, हे रावेरच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशी दहा-बारा कलमे आपापल्या गावच्या वावरात नेऊन वाचली की उरलेली वाचायची सवय आपोआप लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम अमलात आले आहेत. परीक्षेत नवे कायदे येतात, पण कोर्टात त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखालीच चालू आहेत. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखावेत : खुनासाठी ३०२ ऐवजी १०३, खुनाच्या प्रयत्नासाठी ३०७ ऐवजी १०९, फसवणुकीसाठी ४२० ऐवजी ३१८(४), विवाहितेच्या छळासाठी ४९८-अ ऐवजी ८५. वकील मंडळी बोलताना अजूनही जुने आकडेच बोलतात, आणि ज्युनिअरला दोन्ही कळावे लागतात.

जमिनीविषयक कायद्यांचा पेपर सोपा म्हणून शेवटच्या रात्रीवर टाकण्याची पद्धत आहे, ती खान्देशात तरी आत्मघातकी आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि कूळकायदा यांवाचून इथे पक्षकाराशी दोन वाक्येही बोलता येत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ, म्हणजे आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावरील निर्बंध, आणि २००६ चा वनहक्क कायदा हे रोजच्या कामाचे आहेत. घरचा सातबारा काढून त्यातील प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे शोधावे. याहून चांगला गृहपाठ मला सुचलेला नाही.

कोर्टाचा व्हरांडा

अभ्यासक्रमात अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, असते, एक दिवाणी व एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंदवही करायची असते, आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवड्यांची, तर पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करायची असते. एका वर्षात ती सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, तेव्हा सगळी शेवटच्या वर्षावर ढकलण्याचा मार्ग बंद आहे. खटल्यांची नोंदवही दुसऱ्याची पाहून उतरवण्याची प्रथा आहे. तसे केल्याने तीस गुण मिळतात आणि खटला कसा चालतो ते मात्र कळत नाही.

नोंदवही खरी करायची असेल तर एकच दावा निवडावा आणि त्याच्या प्रत्येक तारखेला जावे. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहावा, पुकारा ऐकावा, वकीलपत्र केव्हा दाखल झाले, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) केव्हा आली, वादाचे मुद्दे केव्हा काढले, कोणत्या पुरसिसवर (पक्षकाराच्या लेखी निवेदनावर) काय आदेश झाला ते त्या दिवशीच्या रोजनाम्याशी, म्हणजे कोर्टाच्या कामाच्या नोंदीशी, ताडून लिहावे. कंटाळा येईल, चार तारखा नुसत्या मुदतअर्जावर जातील. पाचव्या तारखेला साक्षीदार पिंजऱ्यात येईल आणि तेव्हा मात्र कान टवकारून बसावे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, पण आपला साक्षीदार बोलतो ती अहिराणी असते, पूर्वेकडे लेवा गणबोली असते, सातपुड्यात पावरी किंवा भिली असते. एका वाटणीच्या दाव्यात म्हातारा साक्षीदार 'आंडेर' म्हणाला आणि बाहेरून बदलून आलेल्या टंकलेखकाने 'आंडोर' ऐकून 'मुलगा' असे टंकले. आंडेर म्हणजे मुलगी. मागच्या बाकावर बसलेल्या ज्युनिअर मुलीने सिनिअरच्या कानाशी लागून ती चूक सांगितली आणि जबाबावर सही होण्यापूर्वी दुरुस्ती झाली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो वडील तेव्हा हयात होते की नाही यावर अवलंबून ठेवलेला नाही. पण जबाबातच मुलीचा मुलगा झाला असता, तर तो निकाल सांगायलाही आधी दुरुस्तीअर्ज करावा लागला असता. घरची बोली लाजून दडवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो.

इंटर्नशिपसाठी मोठ्या नावाच्या मागे लागण्यापेक्षा ज्यांच्याकडे रोज साक्षीपुरावा चालतो असे वकील निवडावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही अर्ज करावा. लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीचे मसुदे लिहिताना जे मराठी कमावले जाते ते वर्गात कमावता येत नाही.

निकालानंतर

अंतिम निकाल लागला की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणीशुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हायची असते. १०० प्रश्नांच्या या परीक्षेत टिपणे नसलेल्या मूळ कायद्याच्या प्रती सोबत नेता येतात, त्यामुळे ज्याने पहिल्या आठवड्यात घेतलेली प्रत खरोखर हाताळली आहे त्याला पाने शोधत बसावे लागत नाही. पेन्सिलीच्या खुणा मात्र परीक्षेपूर्वी खोडाव्यात, किंवा कोरी प्रत न्यावी.

न्यायाधीश होण्याची इच्छा असलेल्यांनी एक तारीख मनात ठेवावी. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, आणि हा अनुभव तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षेपूर्वीच्या, नोंदणीच्या दिवसापासून मोजायचा असे सांगितले. नोंदणीचा अर्ज चार महिने लांबवला, तर तेवढाच काळ मागे पडतो. अनुभवाचा दाखला आपण जिथे वकिली केली त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन घ्यावे लागते. म्हणून सनद हाती आल्यावर पहिल्याच सोमवारी एक वही घ्यावी आणि आपण कोणत्या प्रकरणात, कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टापुढे उभे राहिलो ते क्रमांकासह लिहीत जावे. नुसता मुदतअर्ज दिला असेल तरी लिहावे. ज्या प्रकरणात आपले वकीलपत्र आहे त्याची एक छायाप्रत त्याच फाईलमध्ये, दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे, लावून ठेवावी.